सरस

सुरुवातीलाच सांगून टाकते. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. 'एकोणसाठ' आणि 'एकोणसत्तर' यांत माझा अजूनही गोंधळ होतो. तेव्हा चुका पोटात घाला. तरीही इंग्लिश विभाग सोडून मी इथे लिहायला बसले, त्याला एक कारण आहे, आणि ते जरा चिकट आहे!

गेल्या टर्मला सबमिशनच्या आठवड्यात आजोबांच्या चष्म्याची काडी तुटली. "राहू दे गं, उद्या दुकानात नेईन," ते म्हणाले. पण घरात इंजिनिअर असताना दुकान कशाला? झटपट चिकटवणाऱ्या गोंदाची ट्यूब काढली, एका थेंबाच्या जागी चांगले चार-पाच सोडले, काडी दाबून धरली. काम फत्ते! चष्मा लगेच डबीत ठेवला, डबी बंद केली आणि मी पुन्हा ड्रॉइंग शीटकडे वळले.

चारएक दिवसांनी लक्षात आलं, आजोबा पेपर नुसताच उलटतायत. एरवी अग्रलेखापासून छोट्या जाहिरातींपर्यंत सगळं वाचणारा माणूस! विचारलं तर म्हणाले, "डोळेच म्हातारे झालेत." मी चष्मा उजेडात धरला. दोन्ही काचांवर पांढुरकं धुकं होतं. त्या धुक्यात एक अंगठ्याचा ठसा अगदी स्पष्ट उमटला होता. माझाच.

"आजोबा, सांगितलं का नाहीत?"

"तू एवढ्या घाईत वेळ काढून चिकटवलास. कसं सांगणार?"

खरंच सांगते, व्हायवात शून्य मिळालं असतं तरी इतकं लागलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सरांना गाठलं. ते हसले आणि म्हणाले, "हा सायनोॲक्रिलेट. हवेतल्या दमटपणाने घट्ट होतो. त्याची वाफ जवळच्या वस्तूंवर बसते आणि पांढरा थर धरते. तू तर ती डबीत कोंडलीस!" याच वाफेने पोलीस बोटांचे ठसे शोधतात म्हणे. ॲसिटोनने तो थर निघतो, पण प्लॅस्टिकची काचही खराब होऊ शकते. म्हणजे नवा चष्मा अटळ! गंमत बघा, १९४२ साली हॅरी कूवर बंदुकीच्या दुर्बिणीसाठी पारदर्शक प्लॅस्टिक शोधत होते, तेव्हा हे रसायन हाती लागलं. सगळ्यालाच चिकटतं म्हणून बाजूला ठेवलं, आणि १९५८ मध्ये तेच गोंद म्हणून बाजारात आलं. स्वच्छ दिसावं म्हणून शोधताना सापडलेल्या वस्तूने माझ्या आजोबांचं दिसणं बंद केलं!

नवा चष्मा यायला आठ दिवस होते. म्हटलं, तोवर पेपर मी वाचून दाखवते. पहिल्या दिवशी अग्रलेखाला अर्धा तास लागला. जोडाक्षर आलं की माझी गाडी अडायची, आजोबा ढकलायचे. मध्येच गोंदाचा विषय निघाला. मी ऐटीत सांगितलं, सुतार वापरतात तो पांढरा गोंद पाण्यातला असतो, लाकूड पाणी शोषतं आणि सांधा घट्ट होतो. म्हणून तो काचेला किंवा धातूला फारसा उपयोगी नाही. तिथे दोन ट्यूबवालं इपॉक्सी हवं, रेझिन आणि हार्डनर सांगितलेल्या प्रमाणात मिसळून. चपलेला रबराचं सोल्यूशन. ते दोन्ही बाजूंना लावायचं, थोडं सुकू द्यायचं आणि मगच दाबायचं.

"आमच्या वेळी सुतार सरस वापरायचे," आजोबा म्हणाले.

"सरस म्हणजे जास्त चांगला ना?"

आजोबा पोट धरून हसले. सरस म्हणजे जनावरांची कातडी-हाडं उकळून काढलेला गोंद, तो गरम करूनच लावायचा, हे मला विसाव्या वर्षी कळलं. डिंक मला फक्त लाडवातला ठाऊक होता. आणि खळ? ती तर त्यांनी करूनच दाखवली. गव्हाचं पीठ पाण्यात कालवून मंद आचेवर शिजवायचं, गुठळी होऊ द्यायची नाही, कसर लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद. त्या खळीने आम्ही माझं फाटलेलं जर्नल बांधलं. सुकायला अख्खी रात्र लागली. "घाई करायची नाही," एवढंच ते म्हणाले.

सरांनीही तेच सांगितलं होतं : आधी पृष्ठभाग स्वच्छ करा, योग्य गोंद निवडा, आणि त्याला वेळ द्या. माझं चुकलं ते तिसऱ्यात. सबमिशनच्या नादात मी आजोबांना पाच सेकंद दिले होते.

आता नवा चष्मा आलाय, अगदी लखलखीत. तरी रविवारी सकाळी आजोबा पेपर माझ्यापुढे सरकवतात. "डोळे दुखतायत गं, जरा वाच."

त्यांचे डोळे दुखत नाहीत, हे मला ठाऊक आहे. मी वाचते. आता अग्रलेखाला दहा मिनिटं पुरतात, पण मी मुद्दाम अर्धा तास लावते.

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी