धामकाठी बर्ड

पवनारला धाम नदीच्या काठी ब्रह्मविद्या मंदिरातल्या बहिणी रोज सकाळी विष्णुसहस्रनाम म्हणतात. विनोबांनी १९५९ साली सुरू केलेला हा समूह. सगळ्यांचा सूर एक. कुणाचा आवाज वेगळा काढता येत नाही.

तो सूर कानात घेऊनच एक श्रोता नदीवर आला आणि त्याने इंग्लिश संगीतकार विल्यम बर्डचा चार आवाजांचा मास, म्हणजे कॅथलिक उपासनेचं गायन, लावला. टॅलिस स्कॉलर्स या गायकसमूहाचं १९८४चं ध्वनिमुद्रण. इथे चारही आवाज आपापल्या वाटेने निघतात, एकमेकांची ओळ उचलतात, तरी प्रार्थना एकच राहते.

बर्ड राणी पहिल्या एलिझाबेथच्या चॅपलमधला गायक, पण कॅथलिक. आणि मासची उपासना करणं तेव्हा इंग्लंडमध्ये गुन्हा होता. १५९२ ते १५९५ या काळात त्याने तीन मास छापले, तेही शीर्षकपानाशिवाय. ते गायले गेले श्रद्धावंतांच्या घरांत, चोरून, मोजक्या माणसांकडून. म्हणूनच भल्यामोठ्या गायकवृंदापेक्षा थोड्या आवाजांचं हे गाणं त्या श्रोत्याला अधिक खरं वाटतं.

मासच्या शेवटी, ‘आग्नुस देई’ या भागात शांतीची याचना येते. तिथे स्वर एकमेकांना घासत, अडत, हळूहळू मोकळे होतात.

तेवढाच भाग त्याने पुन्हा लावला. समोर धामचं पात्र होतं. १९४८ साली गांधीजींच्या काही अस्थी इथेच विसर्जित झाल्या होत्या.