मार्चअखेर आणि मॅक्स वेबर

इग्नूचा हिशेब सरळ आहे: एक क्रेडिट म्हणजे ३० तासांचा अभ्यास. समाजशास्त्राच्या एम.ए.ला पहिल्या वर्षी ३२ क्रेडिट्स, म्हणजे ९६० तास. आठवड्याला जवळजवळ साडेअठरा. पतसंस्थेत लोकांच्या कर्जावरचं व्याज काढण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, पण हा गुणाकार प्रवेश घेताना मला सुचला नाही. सुचला तो विषय राहिल्यावर.

तोवर मी वेळापत्रकं आखत होते. पहाटे साडेचार ते सहा वाचन, रात्री दहानंतर टिपणं. रंगीत पेनं आणली, कप्प्यांची फाइल आणली. वेळापत्रक आखून झालं की अर्धा अभ्यास उरकल्याचं समाधान मिळायचं, आणि ते मोडलं की नवं आखण्यात एक अख्खी संध्याकाळ सुखात जायची. पहाट डब्यांची असते आणि रात्री दहाला माझे डोळे मिटतात, हे मला माहीत नव्हतं असं थोडंच आहे? ते वेळापत्रक मी दुसऱ्याच कुठल्यातरी बाईसाठी आखत होते.

असाइनमेंट हाताने लिहायच्या असतात आणि निकालात त्यांचा वाटा ३० टक्के. जूनच्या परीक्षेसाठी त्या द्यायची मुदत साधारण मार्चअखेरीला येते. पतसंस्थेतला मार्च म्हणजे वसुली, थकबाकीदारांचे फोन, न जुळणारा ताळेबंद आणि घरी पोचायला रात्रीचे नऊ. एवढी वर्षं तिथे काढून तो मार्च मला अचानक आल्यासारखा वाटला. ‘मुदत वाढते हो’ असं जुने विद्यार्थी सांगत. वाढलीही. वाढीव दिवस मी झोप भरून काढण्यात घालवले. पुढे पावसाळ्यात सवडीने सगळं लिहून काढलं, तेव्हा कळलं की ते प्रश्न मागच्या सत्राचे. नव्या सत्राला प्रश्न नवे. वेबरवरचं उत्तर मात्र झकास उतरलं होतं. फाइलीच्या एका कप्प्यात ते अजून आहे.

पण वेळ गेला तो यात नाही. मी शिकतेय हे मी कुणाला सांगितलंच नव्हतं. नवऱ्याला ठाऊक होतं, तेही ‘असंच, विरंगुळा म्हणून’ एवढंच. नापास झाले तर हसं नको, हे एक. आणि चाळिशी उलटलेल्या बाईनं ‘मला अभ्यास आहे’ म्हणणं मला लाडिक वाटायचं, हे दुसरं. दीर पुतण्याच्या साखरपुड्याची तारीख विचारायला आले, ती नेमकी डिसेंबरच्या पेपरांतली. मी चहा ओतत म्हटलं, “चालेल की.” रविवारच्या वर्गाला जाताना ‘मंडईत जाऊन येते’ सांगायचे. मग सासूबाई यादी द्यायच्या, आणि वर्गातून निघून ती भाजी आणणं भाग पडायचं. उशिरा गेल्यावर मंडईत काय उरलेलं असतं, ते आणणाऱ्यालाच ठाऊक.

मुलगी बारावीला होती तेव्हा टीव्हीचा आवाज आपोआप खाली यायचा, पाहुणे चहा पिऊन उठायचे. तिनं काही मागितलं नव्हतं. तिची परीक्षा आहे हे घरादाराला माहीत होतं, एवढंच. माझ्या परीक्षेची तारीख फक्त माझ्या रंगीत कॅलेंडरवर होती, आणि ते मी कपाटाच्या दाराला आतून लावलं होतं!

शेवटी एका रात्री जेवताना सांगून टाकलं. वर्षाचे विषय एका वर्षात संपवायचे नाहीत, मार्च अभ्यासात धरायचाच नाही, हेही त्याच दमात सांगितलं. साडेअठरा तास आजही भरत नाहीत. पण जेवढे मिळतात, ते उघड मिळतात. सासूबाई थोडा वेळ भात कालवत राहिल्या आणि म्हणाल्या, “म्हणून का रविवारची मेथी अशी मरगळलेली असायची!”

आता रविवारची भाजी नवरा आणतो. महाग आणतो, पण मी बोलत नाही.