टू आणि बाय

आमच्या वेळी इंग्रजी पाचवीला सुरू व्हायचं. सातवीत गेलो तोवर मला शे-दीडशे शब्द आणि 'धिस इज अ कॅट' एवढं येत होतं. पण घरात इंग्रजी येणारा मी एकटाच. त्यामुळं औषधाच्या बाटलीपासून खताच्या पोत्यापर्यंत इंग्रजीतलं सगळं माझ्यापुढं यायचं.

१९८२ च्या जानेवारीत मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला आणि माझे चुलते, आप्पा, गावी परत आले. संप लांबतच गेला. आप्पांची गिरणी सुटली ती सुटलीच. दोनेक वर्षांनी त्यांच्या नावानं गिरणीचं पाकीट आलं. आत टाईप केलेलं इंग्रजी पत्र.

"वाच रं," आबा म्हणाले.

मी बोट ठेवत वाचलं. 'रुपीज' कळलं, आकडा कळला. 'पेड' म्हणजे पैसे देणं आणि 'यू' म्हणजे तुम्ही. मधल्या बारक्या शब्दाकडं मी बघितलंच नाही. छातीठोकपणे सांगितलं, "आप्पांनी साडेतीनशे रुपये द्यायचेत."

आप्पांनी मान खाली घातली. "आसंल कुठली तरी उचल ऱ्हायलेली," एवढंच म्हणाले. पुढच्या बाजारी आईची गाभण शेळी मिळंल त्या भावाला विकली. उरलेले पैसे आबांनी उसने आणले.

मनिऑर्डर कशी लिहायची ते विचारायला मी पत्र घेऊन गुरुजींकडं गेलो. त्यांनी ते दोनदा वाचलं. "अरे, इथं 'पेड टू यू' आहे. 'बाय यू' असतं तर तुम्ही द्यायचे. हे पैसे गिरणीच तुम्हाला देणार आहे."

मग त्यांनी खडू घेतला. फळ्यावर लिहिलं : वाघाने शेतकऱ्याला मारलं. खाली लिहिलं : शेतकऱ्याला वाघाने मारलं. "अर्थ बदलला? नाही. कारण 'ने' आणि 'ला' शब्दाला चिकटलेत, शब्द जाईल तिथं तेही जातात. आता 'द टायगर किल्ड द फार्मर' यातले वाघ-शेतकरी अदलाबदल कर. मेला कोण? वाघ! इंग्रजीत शब्दाची जागा बघायची. आणि आपण जे मागं जोडतो, ते तिथं बारकं होऊन शब्दाच्या पुढं सुटं उभं असतं. 'टू यू' म्हणजे तुम्हाला. 'बाय यू' म्हणजे तुमच्याकडून. मोठे शब्द कोणीही ओळखतं, वाचायचे असतात ते हे."

घरी येऊन सांगितलं, तेव्हा मार बसेल असं वाटलं होतं. कुणी बोट लावलं नाही. आप्पांनी पत्र घडी करून टोपीत ठेवलं. पैसेही पुढं आले, उसनवारी फिटली. शेळी मात्र कुणाच्या दावणीला गेली ते कळलं नाही.

त्या रात्री आईनं चिमणी जवळ घेतली. "कुठला त्यो शब्द? दाव बघू."

मी 'टू'वर बोट ठेवलं. दोन अक्षरं.

आई बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "एवढाच?"