पाटीवर काय लिहायचं?

मागच्या महिन्यात आमच्या चायनीजवाल्या भाऊनं मला एक काम सांगितलं. त्याच्या गाडीची पाटी उन्हापावसानं पार उडाली होती, नवी रंगवायची होती. म्हणाला, "सर, तुम्ही उर्दू-मराठीचे सर. काय लिहायचं ते कागदावर नीट लिहून द्या ना. पेंटर लोक काहीही लिहून ठेवतात."

काम पाच मिनिटांचं होतं. मला आठ दिवस लागले. लिहून दिलं, पाटी लागली, तरी ते काम माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. म्हणून हे लिहितो आहे.

वर्ध्यात संध्याकाळी दिवे लागले की चौकाचौकात चायनीजच्या गाड्या उभ्या राहतात. मोठ्या आवाजाची भट्टी, काळी लोखंडी कढई, झाऱ्याचा खणखणाट, मिरच्या टाकलेली व्हिनेगरची बाटली आणि चार-सहा प्लास्टिकच्या खुर्च्या. आमची गाडीही तशीच. मी बी.एड. करून तासिका तत्त्वावर शिकवत होतो, तेव्हापासून तिथं जातो. त्या काळी हाफ प्लेट नूडल्स वीस रुपयांना मिळायच्या. महिन्याचा पगार महिन्याला मिळेल याची खात्री नसायची, पण वीस रुपयांत पोट भरायचं आणि बाहेर जेवल्याचा आनंदही मिळायचा. आज हाफ पन्नासला आहे. तरीही घरच्या चौघांना घेऊन मी तीनशे रुपयांच्या आत परत येऊ शकतो, असं दुसरं ठिकाण मला माहीत नाही.

पहिल्यांदा पार्सल घरी नेलं तेव्हा अम्मीनं पुडी उघडून बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, "ये तो तीखी सेवइयां हैं." तिला नवल वाटायचं काही कारणच नव्हतं. उन्हाळ्यात खाटेवर शेवया वाळत घालण्यात तिचं आयुष्य गेलं. सोया सॉसच्या काळ्या रंगावर तिचा भरवसा बसेना. पण वास सिरक्याचा आहे हे कळल्यावर ती निवांत झाली. पैगंबरांना सिरका आवडे, अशी हदीस तिला ठाऊक होती. चिनी जेवण आमच्या घरात असं सिरक्याचा हात धरून आलं.

खरं तर त्या जेवणात चिनी किती, हा प्रश्नच आहे. शेजवान म्हणजे सिचुआन, हा चीनमधला एक प्रांत. पण आपली लाल शेजवान चटणी तिकडच्या माणसाला ओळखू येणार नाही. मंचुरियाचं नाव लावलेलं मंचुरियन मंचुरियात कुणी करत नाही. ते जन्मलं मुंबईत. कोलकात्यात चिनी आईवडिलांच्या पोटी जन्मलेले नेल्सन वांग 1975 च्या सुमारास मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात स्वयंपाक करत होते. काहीतरी नवीन करा, अशी मागणी झाली. त्यांनी आलं, लसूण, हिरवी मिरची ही आपली सुरुवात घेतली, गरम मसाल्याऐवजी सोया सॉस घातला आणि कॉर्नफ्लॉवरमध्ये घोळून तळलेले कोंबडीचे तुकडे त्यात सोडले. झालं चिकन मंचुरियन. पुढे कोंबडीच्या जागी फ्लॉवर आला, पनीर आलं, आणि आमच्या गाडीपर्यंत पोचता पोचता पत्ताकोबीचे गोळे आले.

हक्का नूडल्समधलं 'हक्का' हे तर माणसांचं नाव. दक्षिण चीनमधून कोलकात्यात येऊन चामड्याच्या धंद्यात स्थिरावलेली ही जमात. 1962 चं युद्ध झालं आणि सुमारे तीन हजार भारतीय चिनी लोकांना उचलून राजस्थानातल्या देवलीच्या छावणीत ठेवलं गेलं. आपल्या वर्धा जिल्ह्यातही देवळी आहे, त्यामुळे हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी दचकलो होतो. काही जण तिथं चार-पाच वर्षं राहिले. ज्यांचं जेवण आपण चवीनं खातो, त्यांच्यावर केवळ नाव आणि चेहरा बघून एकदा अशी वेळ आली होती.

या गाडीवर माझा नेहमीचा सोबती म्हणजे शाळेतले एक सर. घर माळकरी. त्यांची माझी ओळख पंधरा वर्षांची. ते ईदला घरी येतात, शीरखुर्मा आवडीनं घेतात, जेवायला थांबत नाहीत. मी आग्रह करत नाही, कारण घरी त्यांची आई काय विचारेल हे मला माहीत आहे. त्याच आईनं एका उन्हाळ्यात मला समोर बसवून सरगुंडे आणि आंब्याचा रस वाढला होता. दुसऱ्यांदा वाटी भरताना "लाजू नका जी" म्हणाली होती. माणसं वाईट नसतात. पण कुणाच्या चुलीवरचं खायचं आणि कुणाच्या नाही, याचे हिशेब जुने आहेत. आम्हा दोघांना पोटभर बसून एकत्र जेवायला जागा मिळाली ती या गाडीवर. ते जेवण ना त्यांच्या घरचं, ना माझ्या. त्यामुळे तिथं कुणाच्या घरचं नाकारल्यासारखं होत नाही.

तरी दोघांचे दोन प्रश्न होतेच. पहिल्या दिवशी सर भट्टीजवळ वाकून हळूच म्हणाले, "भाऊ, व्हेजची कढई वेगळी आहे ना?" ते खुर्चीवर जाऊन बसल्यावर मी त्याच जागी वाकलो, तितक्याच हळू आवाजात विचारलं, "भाऊ, चिकन कुठून आणता?" भाऊनं दोघांनाही नीट उत्तर दिलं. कढया दोन होत्या, झारेही दोन. आणि चिकन आमच्याच मोहल्ल्याजवळच्या दुकानातून येत होतं. आम्ही एकमेकांना आपापला प्रश्न कधी सांगितला नाही, पण दोघांनाही माहीत होतं. मला त्यात बरंच वाटायचं. दोन माणसं आपापला नेम सांभाळून एका टेबलावर बसतात, एवढं पुरे.

मागच्या वर्षी माझी मुलगी दहावीला होती. चाचणी परीक्षेत मार्क चांगले पडले म्हणून तिला घेऊन गेलो. शनिवारची गर्दी. मी वाकायच्या आतच ती भट्टीसमोर उभी राहून खणखणीत आवाजात म्हणाली, "काका, चिकन हलाल आहे ना?"

दोन-तीन माना वळल्या. शेजारच्या टेबलावरचा एक पोरगा हसला आणि सोबत्याला म्हणाला, "घ्या, आता चायनीजमध्येबी हलाल." फार मोठ्यानं नाही, पण आम्हाला ऐकू येईल इतक्या आवाजात. माझ्या हातातलं पाकीट हातातच राहिलं.

भाऊनं झारा थांबवला नाही. त्याच्याकडे बघत म्हणाला, "तू नाही का रे विचारत दर श्रावणात, कढई वेगळी हाय का म्हणून? ते विचारते तिच्या घरचं, तू विचारते तुझ्या घरचं. सांगणं माझं काम हाय." आणि मुलीला म्हणाला, "हाव बेटा, हलालच आहे. बस."

पोरगा गप्प झाला. नूडल्स आल्या, मुलीनं मिटक्या मारत खाल्ल्या. मला चव लागली नाही. परत येताना मी तिला म्हणालो, "बेटा, अशा गोष्टी जरा हळू विचारायच्या."

"का? मी चुकीचं विचारलं का, अब्बू?"

"चुकीचं नाही."

"मग?"

मला उत्तर सुचलं नाही. वर्गात मी रोज ओरडून सांगतो, शंका असेल तर मोठ्यानं विचारा, लाजू नका, विचारणाऱ्याला कुणी हसत नसतं. शेवटचं वाक्य खोटं आहे हे तिनं त्या संध्याकाळी बघितलं होतं. आणि हसणाऱ्याला सोडून मी विचारणारीलाच समज देतो आहे, हेही बघितलं होतं.

आता पाटीचं काम. भाऊनं मला दोन गोष्टी विचारल्या होत्या. "कढई वेगळी हाय हे लिहायचं का? आणि हलाल लिहायचं का? मोहल्ल्यातले लोक रोज विचारतात, एकदा लिहून टाकलं की झंझट नाही." त्याच्या दृष्टीनं दोन्ही सारखेच होते. गिऱ्हाईक विचारतं, ते लिहून टाकायचं.

मी मात्र रात्री बसून बातम्या आठवत राहिलो. जुलै 2024 मध्ये उत्तर प्रदेशात कावड यात्रेच्या मार्गावरच्या खाद्यपदार्थांच्या दुकानांना मालकांची नावं लावायला सांगितलं होतं. 22 जुलैला सर्वोच्च न्यायालयानं त्याला अंतरिम स्थगिती दिली. काय विकता ते सांगा, पण मालकाचं आणि नोकरांचं नाव लावायची सक्ती नको, असा त्याचा अर्थ. मार्च 2025 मध्ये आपल्याच राज्यात एका मंत्र्यांनी झटका मटणाच्या दुकानांसाठी 'मल्हार' प्रमाणपत्राची घोषणा केली. मटण ही नुसती खायची गोष्ट उरली नव्हती.

आणि खुद्द चीनमधली एक गोष्ट. तिथं लानचाऊ शहराच्या बीफ नूडल्स प्रसिद्ध आहेत, आणि ती परंपरा हुई मुसलमानांची. पीठ हातानं ओढून ओढून त्या करतात. अशी हुई मुसलमानांची नूडल्सची दुकानं चीनभर आहेत. त्यांच्या पाटीवर हलालसाठीचा चिनी शब्द असतो, आणि पूर्वी बहुतेकदा सोबत अरबीतही लिहिलेलं असे. 2019 मध्ये बीजिंगमधल्या अशा दुकानांना पाटीवरची अरबी अक्षरं आणि इस्लामची चिन्हं काढायला सांगण्यात आलं. म्हणजे तिकडे म्हणतात, पाटीवरून तुमची ओळख उतरवा. इकडे म्हणतात, पाटीवर तुमची ओळख लावा. दोन्हीकडे नूडल्स शिजवणाऱ्या माणसाला कुणी विचारत नाही की, बाबा, तुला काय लिहायचं आहे?

आमचा भाऊ मला विचारत होता. लिहायला तयार होता. त्याचं नाव हिंदू, गाडी त्याची, धंदा त्याचा, आणि त्याला 'हलाल' शब्दाची भीती वाटत नव्हती. भीती मला वाटत होती. उद्या कुणी पाटीचा फोटो काढला, चार पोरं गाडीसमोर येऊन उभी राहिली, तर नुकसान त्याचं होणार. हातावर पोट असलेला माणूस. आणि कागद कुणी लिहून दिला? सरांनी.

आठव्या दिवशी कागद दिला. मंचुरियन आणि शेजवान एकाच पद्धतीनं लिहिलं, हाफ-फुलचे दर ओळीत मांडले, खाली लिहिलं, 'व्हेज व नॉनव्हेजची कढई वेगळी.' हलाल लिहिलं नाही. भाऊनं कागद वाचून विचारलं, "ते दुसरं राहिलं ना सर?" मी म्हणालो, "राहू द्या. विचारलं तर सांगा." तो क्षणभर माझ्याकडे बघत राहिला, मग म्हणाला, "तुम्ही म्हणता तसं."

माळकरी सरांना पाटी आवडली. "बरं झालं, आता विचारायची गरज नाही," म्हणाले. मग पाटी पुन्हा एकदा वाचली, माझ्याकडे बघितलं आणि विषय बदलला. त्यांनाही कळलं होतं. त्यांच्या प्रश्नाला पाटीवर जागा मिळाली, माझा पूर्वीसारखाच वाकून विचारायचा राहिला. आणि तो तसा ठेवणारा दुसरा कुणी नव्हता.

मी केलं ते शहाणपणाचं होतं की भित्रेपणाचं, हे मी अजून ठरवू शकलो नाही. भाऊची काळजी होती हे खरं. पण त्या काळजीच्या आडोशाला माझी स्वतःची भीतीही उभी होती, हेही खरं. ज्याचं नुकसान होईल म्हणून मी घाबरलो, तो माझ्याहून धीट निघाला.

परवा मुलीला घेऊन गेलो. आता ती अकरावीला आहे. तिनं पाटी वरून खालपर्यंत वाचली. कढईची ओळ आली तेव्हा माझ्याकडे बघून म्हणाली, "आणि आपलं?" मी काही बोललो नाही. ती सरळ भट्टीजवळ गेली आणि नेहमीच्या आवाजात विचारलं, "काका, हलाल आहे ना?"

"हाव बेटा, रोजच्याच दुकानातलं."

माना वळल्या की नाही, ते मी बघितलं नाही. दोन प्लेटा घेऊन आलो, व्हिनेगरची बाटली तिच्याकडे सरकवली. हळू बोल, असं या वेळी म्हणालो नाही. सध्या एवढंच जमलं आहे.