बोकड केव्हा सोडावा?

शेळीला एक करडू होईल की दोन, हे दैवाधीन. परंतु ते कोणत्या महिन्यात व्हावे, हे बऱ्याच अंशी मालकाच्या हाती असते. शेळी साधारण १५० दिवसांनी विते. तेव्हा बोकड केव्हा सोडावा हा प्रश्न वस्तुतः पाच महिन्यांनंतरच्या आभाळाचा होय. अमेरिकेत पांढऱ्या शेपटीची हरणे पाळणाऱ्यांनाही हाच हिशेब करावा लागतो. (आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळे तो विषयच नाही.) मात्र तेथे दिवस आखूड झाले की नोव्हेंबरच्या सुमारास माद्या माजावर येतात आणि सुमारे २०० दिवसांनी पाडसे जन्मतात, अर्धा निर्णय निसर्गानेच घेतलेला असतो. आमच्या पेडण्यात जूनचा दिवस तेरा तासांचा, तर डिसेंबरचा सव्वाअकरा तासांचा. एवढ्याशा फरकाची आमच्या शेळ्या फारशी पर्वा करीत नाहीत. गाभ राहीपर्यंत दर २१ दिवसांच्या सुमारास त्या माजावर येतात, मग महिना कोणताही असो.

आमच्या घरी बोकड मृगात सोडतात. तोवर तो वेगळा बांधलेला असतो; सड्यावर चरायला न्यावयाचा झालाच, तर पोटाखाली गोणपाटाचा पडदा बांधून. पहिल्या पावसाने कोवळा पाला फुटतो, तो अंगी लागलेली शेळी लवकर गाभ धरते, जुळ्यांचा संभवही वाढतो. करडे होतात ती तुळशीच्या लग्नाच्या आगेमागे. आभाळ निवळलेले, जमीन कोरडी. येथे वर्षाला सुमारे ३०० सेंटीमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. ओल्या गोठ्यात तान्ह्या करडाची छाती भरायला एक रात्र पुरते. कार्तिकातले करडू मात्र पाऊस येईतो सात महिन्यांचे, धडधाकट झालेले असते.

डिचोलीच्या आमच्या भाऊजींना हे पटत नाही. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या, दारातला ट्रक गेला, तेव्हापासून शेळ्या हाच त्यांचा आधार. त्यांचे म्हणणे सरळ आहे. बकरी ईदेला भाव चांगला मिळतो. कुर्बानीचा बोकड वर्षाचा पुरा असावा लागतो. आणि ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. २०२६ ची ईद मेच्या अखेरीस. म्हणजे करडू २०२५ च्या मेच्या आरंभी जन्मले पाहिजे. कार्तिकातले करडू त्या ईदेपर्यंत थांबवावे, तर ते दीड वर्षाचे होते आणि सहा महिन्यांचा चारा फुकट खाते. हिशेबात चूक काढावयास आम्हांला जागा दिसली नाही.

"तुम्हांला पेन्शन आहे, म्हणून तुळशीच्या लग्नाची वाट पाहता," असे ते म्हणाले. त्यावर आम्ही काय बोलणार?

त्यांनी २०२४ च्या डिसेंबरात बोकड सोडला. मेच्या पहिल्या आठवड्यात नऊ करडे झाली, आणि त्या वर्षी पाऊस नेहमीची वाट न पाहता मेच्या शेवटच्या आठवड्यातच गोव्यात उतरला. करडे तीन आठवड्यांची. आषाढ सरता सरता चार उरली. बहीण रात्र रात्र चुलीशी करडे घेऊन बसे.

यावर इलाज नाही असे नाही. जमिनीपासून तीन-चार फूट उंच, फटी ठेवलेला माचा केला म्हणजे लेंड्या आणि मूत खाली पडते, पिले कोरडी राहतात. विण्याआधी महिनाभर शेळीला आंत्रविषाराची लस दिली, तर दुधावाटे तिची शक्ती करडालाही काही काळ मिळते. परंतु माच्याला पैसा लागतो. ज्याला घाईच्या पैशाची गरज, त्याच्याजवळच नेमका तो नसतो.

आता भाऊजींनी पोफळीच्या रिपा मारून माचा उभारायला घेतला आहे. बोकड बांधलेला आहे. बहिणीचे मत मृगाचे, त्यांचे मार्गशीर्षाचे. अजून ठरलेले नाही.