खालचा स्वर

प्रत्येक वाद्यवृंदात असा एक वादक असतो की ज्याच्याकडे कुणाचेच लक्ष जात नाही. व्हायोलिनवाला पुढे उभा असतो, ट्रम्पेटवाल्याला सारा गाव नावाने ओळखतो, आणि गाणाऱ्या मुलीची तर लग्न आटोपल्यावरही चार दिवस चर्चा चालते. मागे मांडवाच्या खांबापाशी, स्वतःहून उंच वाद्य कवेत घेऊन उभा राहिलेला डबल बासवाला मात्र कुणाच्या आठवणीत राहत नाही. आमचे धाकटे मामा असे वादक होते. आठवडाभर रेल्वेच्या कारखान्यात डब्यांचे सुतारकाम करावयाचे आणि लग्नसराईत वसईच्या गावोगावी बास वाजवावयाचा, हा त्यांचा तीस वर्षांचा क्रम होता. वाद्य पुढे विकले गेले. मामा आज चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत.

त्यांच्या वादनाची एकच खूण घरात उरली आहे. ती म्हणजे १९८७ सालच्या एका लग्नातील ध्वनिफीत. मांडवातील ध्वनिक्षेपकाच्या यंत्रातून थेट तार घेऊन ती उतरविलेली असल्यामुळे बरीच स्वच्छ आहे. आम्ही ती मागेच संगणकावर घेऊन ठेवली होती आणि पुतण्या-भाच्यांनी आपापल्या फोनवर ऐकलीही होती. सर्वांचा एकच प्रश्न असे : “यात मामाआजोबा कुठे आहेत?”

प्रश्न रास्त होता. बासची सर्वांत जाड तार मोकळी वाजविली असता सेकंदाला सुमारे ४१ कंपने होतात. एवढा खालचा स्वर हवेत उमटवायचा तर पुष्कळ हवा ढकलावी लागते. फोनमधल्या नखाएवढ्या ध्वनिवर्धकाचे ते काम नव्हे, आणि रेडिओतल्या चार इंची ध्वनिवर्धकाचेही नव्हे. स्वर एका सप्तकाने खाली आला की तेवढाच मोठा आवाज काढण्यासाठी त्याच पडद्याला चौपट अंतर मागेपुढे जावे लागते. तरीही लहान यंत्रावर बासची चाहूल लागते, ती आपल्या कानांच्या कृपेने. मूळ स्वर गाळला गेला तरी त्याच्या वरच्या पटीतले स्वर ऐकून मेंदू मूळ स्वराची कल्पना करून घेतो. थोडक्यात, आमची मुले मामांना ऐकत नव्हती. त्यांच्याविषयी अनुमान करीत होती.

दुसरीही एक गोष्ट होती. मामांना आताशा ऐकू कमी येते. उतारवयातील बहिरेपणा बहुधा वरच्या स्वरांपासून सुरू होतो. त्यामुळे स, श, फ यांसारखी व्यंजने प्रथम हरवतात, आणि माणसाला बोलणे ऐकू येते पण कळत नाही. खालचे स्वर पुष्कळदा शेवटपर्यंत टिकतात. मामांचे कानाचे यंत्र बहुतेक वेळ टेबलाच्या खणात असते आणि रविवारी गायनवृंदाचे गाणे चालू असता ते खिडकीबाहेर पाहत बसतात. खालच्या स्वरांच्या यंत्राने त्यांना संभाषण कळू लागेल, असा भ्रम आम्ही बाळगला नव्हता. पण निदान त्यांचा स्वतःचा स्वर तरी त्यांच्यापर्यंत पोहोचावा, असे वाटे.

म्हणून सबवूफर आणावयाचे ठरले. तयार न आणता किट आणून घरी बांधावयाचे, असेही ठरले; कारण घरात सुतार होता. आमच्या सौभाग्यवतींचा विरोध होता. “रस्त्यावरची वरात आता घरात आणणार का?” हा त्यांचा सवाल चुकीचा म्हणता येणार नाही. मिरवणुकांतील भिंतीएवढ्या ध्वनिवर्धकांनी खालच्या स्वराची अब्रू पार घालविली आहे. २००० सालच्या नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे खरी. पण मोजण्याची रीत कानाच्या संवेदनेला धरून असल्यामुळे नेमके छाती हादरविणारे स्वर तिच्यात कमी भरतात. आमच्या मते ही मोठीच पळवाट आहे. असो.

मुंबईत लॅमिंग्टन रोडवरच्या, म्हणजे डॉ. भडकमकर मार्गावरच्या, एका दुकानातून किट आले. दहा इंची वूफर, जोडून तयार असलेला ॲम्प्लिफायर, अठरा मिलिमीटर जाडीच्या एमडीएफच्या कापलेल्या फळ्या, पांढऱ्या तंतूंचे पुडके, स्क्रूंची पिशवी आणि चार पानी पत्रक एवढा त्याचा प्रपंच. ॲम्प्लिफायर मुद्दामच तयार घेतला होता. २३० व्होल्टच्या विजेशी घरगुती खेळ नको. शिवाय त्यातील मोठे कपॅसिटर विजेची तार काढल्यावरही काही काळ भार धरून ठेवतात, हे ज्याला ठाऊक नाही त्याने त्या डब्यात बोट घालू नये.

पेटी बंद प्रकारची होती. आतून प्रत्येक बाजूस ३४ सेंटिमीटर, म्हणजे सुमारे ३९ लिटरची. मामांनी विचारले, “एवढ्या आवाजाला एवढीच पेटी?” प्रश्न जुनाच आहे. अमेरिकेत एडगर विल्चर यांनी १९५४ साली हवाबंद पेटीतील हवेचाच स्प्रिंगसारखा उपयोग करून लहान पेटीतून खोल स्वर काढून दाखविला. पुढे १९६१ मध्ये ऑस्ट्रेलियातील नेव्हिल थील यांनी आणि सत्तरीच्या दशकात रिचर्ड स्मॉल यांनी वूफर आणि पेटी यांचे गणितच मांडले. आजचे प्रत्येक किट त्या गणितावर उभे आहे. पण फुकट काही मिळत नाही. लहान पेटी, खोल स्वर आणि थोड्या विजेत मोठा आवाज या तिहींपैकी दोनच एका वेळी पदरात पडतात, हा नियम हॉफमन नावाच्या अभियंत्याच्या नावाने ओळखला जातो. हे गृहस्थ विख्यात पियानोवादक जोसेफ हॉफमन यांचे चिरंजीव होते. आमच्या पेटीने तिसऱ्या गोष्टीवर पाणी सोडले होते. ती उणीव ॲम्प्लिफायर भरून काढतो.

पेटी कशासाठी, हे मामांना शब्दांनी सांगणे कठीण होते. मग आम्ही उघडा वूफर हातात धरून वाजविला. आवाज अगदीच किरटा आला; कारण पडदा पुढे हवा दाबतो तेव्हा मागे ती विरळ होते आणि दोन्ही लाटा कडेने भेटून एकमेकींना खाऊन टाकतात. तोच वूफर फळीच्या भोकावर ठेवताच स्वर भरला. मामांनी फळीवर तळहात ठेवला आणि मान हलविली. त्यानंतर काम त्यांच्या हाती गेले.

ते चार दिवस आम्ही मदतनीस होतो. मामांनी प्रत्येक फळी बोटाच्या पेराने ठोकून पाहिली. ठोक्याचा आवाज त्यांना कितपत येत होता, देव जाणे. ते दुसरा हात फळीच्या पाठीवर धरून थरथर तपासत. मोठ्या फळ्या मध्यभागी फार घुमतात, असा निकाल त्यांनी दिला. आतून आधाराची पट्टी बसविणे पत्रकात ऐच्छिक होते. मामांनी एकीऐवजी दोन पट्ट्या आडव्या-उभ्या बसविल्या. “बासचं लाकूड बोललं पाहिजे,” ते म्हणाले, “पण या पेटीचं लाकूड मुकं राहिलं पाहिजे. तिथं बोलायचं काम कागदाचं.” ध्वनिशास्त्राच्या पुस्तकाने याहून वेगळे काही सांगितले नसते.

एमडीएफविषयी त्यांचे मत काही चांगले झाले नाही. “हा भुसा आहे, लाकूड नव्हे.” वसईच्या पावसाळ्यात तो कडांनी पाणी पिऊन फुगतो, म्हणून कापलेल्या कडांवर पातळ केलेल्या गोंदाचे दोन हात दिले आणि वाळल्यावर घासले. ती धूळ फार बारीक असते. नाकातोंडावर कापड बांधूनच काम केले. सांध्यांना आतून गोंदाची धार सोडली, शिकंजे लावून रात्रभर ठेवले. वूफर बसविण्यापूर्वी दीड व्होल्टचा सेल क्षणभर त्याच्या टोकांना लावून पडदा पुढे येतो की मागे जातो ते पाहिले. त्यावरून धन टोक कळते. सर्व मिटल्यावर पडदा चार बोटांनी हलकेच आत दाबून सोडला. तो झटकन न येता सावकाश जागेवर आला, म्हणजे पेटी हवाबंद होती. मामांनी ही परीक्षा तीनदा केली.

पेटी कोठे ठेवावी, हा प्रश्न बांधणीहून अवघड निघाला. ४१ कंपनांच्या स्वराची एक लाट सव्वाआठ मीटर लांब असते. आमची बैठकीची खोली जेमतेम सोळा फूट. एवढ्या खोलीत लाटा भिंतींवर आपटून परततात, आणि एका जागी स्वर दुप्पट होतो तर चार पावलांवर नाहीसा होतो. पत्रकात एक युक्ती दिली होती : पेटी ऐकणाऱ्याच्या जागी ठेवावी आणि ऐकणाऱ्याने खोलीभर रांगत फिरावे, जेथे स्वर समतोल लागेल तेथे मग पेटी न्यावी. मामांची आरामखुर्ची बाजूला करून तेथे पेटी मांडली आणि पन्नाशी उलटलेले आम्ही गुडघ्यांवर फिरू लागलो. शेजारच्या बाई साखर मागायला आल्या होत्या, त्या काही न बोलता परत गेल्या. खोलीच्या मधोमध बास अगदी विरला, कोपऱ्यात तो बेसुमार फुगला. कपाट आणि दाराच्या मधली एक जागा मात्र बरोबर लागली.

रविवारी दुपारी ती १९८७ ची फीत लावली. मामा खुर्चीत बसले होते. कानाचे यंत्र खणातच होते. पहिले गाणे सुरू झाले आणि व्हायोलिनखाली, ट्रम्पेटखाली, आजवर आमच्यापैकी कुणी न ऐकलेली चाल चालू लागली. ती काही विशेष गुंतागुंतीची नव्हती. मामांचा डावा हात खुर्चीच्या हातावर वर-खाली सरकू लागला. बोटे न दिसणाऱ्या तारा दाबीत होती. दुसऱ्या कडव्यानंतर ते एकाएकी म्हणाले, “इथं ड्रमवाला घाई करतोय. बघ, मी ओढून धरतो आता.” आम्ही फीत मागे नेऊन पुन्हा लावली. खरोखरच ताल पुढे पळू पाहत होता आणि बास किंचित जड पाऊल टाकून त्याला मागे आणीत होता. पुढच्या आठ मात्रांत सारे पुन्हा एकत्र आले. मांडवातल्या नाचणाऱ्यांना त्याचा पत्ताही लागला नसेल.

मुले उत्साहात आली. धाकट्याने उठून आवाजाचे बटण वाढविले. खिडकीची तावदाने थरथरली. मामांनी हात वर केला.

“कमी कर. अजून. अजून कमी. नवरीपेक्षा मी मोठा दिसतोय.”

शेवटी त्यांना पटले तेव्हा पेटी वाजते आहे की नाही, हे ती बंद केल्यावरच कळावे, इतका तो स्वर खाली आला होता. मामांनी खिशातून सुतारकामाची पेन्सिल काढली आणि बटणाच्या शेजारी एक बारीक रेघ ओढली. धाकट्याने आतापर्यंत दोनदा ती ओलांडून पाहिली आहे. दोन्ही वेळा मामा आतल्या खोलीतून उठून आले.