फोकस

आमच्या नंदुरबारकडे ‘फ्लडलाइट’ हा शब्द फक्त बिलावर असतो. बोलताना त्याला ‘फोकस’ म्हणतात. काही जुनी माणसे अजून ‘हॅलोजन’च म्हणतात. हॅलोजन बिचारा कधीच गेला, आता खांबावर असतो तो एलईडी. पण आजोबांचे नाव नातवाला ठेवावे, तसेच हे.

दसऱ्याच्या सुमारास येथे ओल्या लाल मिरचीची आवक सुरू होते. व्यापारी ती गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत वाळत घालतात. त्या जागेला पथारी म्हणतात. दुरून पाहावे तर भुईवर लाल जाजम अंथरल्यासारखे दिसते, जवळ जावे तर आधी शिंक येते. दिवसा बाया नाकातोंडाला पदर बांधून देठ खुडतात. रात्री उरतात राखणदार आणि फोकस. लग्नाच्या मांडवात दिवा शोभेचा असतो, पथारीवर तो कामाचा. अवकाळी पाऊस वेळ विचारून येत नाही आणि भिजलेली मिरची काळी पडते.

२०२३ च्या नोव्हेंबरअखेर उत्तर महाराष्ट्रात तसा पाऊस झाला. ओळखीच्या एका पथारीवर ढग गडगडताच माणसे ताडपत्र्या घेऊन धावली. पहिली सर आली, फोकस दोनदा लुकलुकला आणि विझला. मोबाइलच्या उजेडात जेवढी झाकली तेवढी झाकली. बाकीची रात्रभर भिजली. सकाळी म्हातारा राखणदार मला म्हणाला, “गुरुजी, हाऊ दिवा पानीले घाबरस!”

खोक्यावर मात्र ५०,००० तास छापलेले होते. रोज १२ तास जाळला तरी ११ वर्षे! दिव्याचे वय चौदा महिने, आणि हमी एका वर्षाची.

बाजारातल्या वायरमनने तो माझ्यासमोर उघडला. प्रकाश देणाऱ्या चिप्स ठणठणीत होत्या. खोक्यावरचे तास बहुधा त्यांचेच असतात, आणि तेही उजेड सत्तर टक्क्यांवर येईपर्यंतचे. पण या चिप्सना खांबावरची वीज जशीच्या तशी सोसत नाही. ती पचवून त्यांना घास भरवणारा एक भाग असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. त्यातल्या कपॅसिटरच्या इवल्याशा डबीत द्रव असतो. उष्णता १० अंशांनी वाढली की तिचे आयुष्य साधारण निम्मे होते. आमच्याकडचा उन्हाळा आठवा, म्हणजे दिवसा विझलेला दिवाही का झिजतो ते कळेल. त्यात जवळपास वीज पडली की तारेतून दाबाचा धक्का येतो, तो वेगळाच.

या दिव्याला मात्र पाण्याने मारले. तापलेल्या दिव्यावर गार सर पडली की आतली हवा आकसते आणि दिवा श्वास आत ओढतो. काचेभोवतीचे रबर पक्के असेल तर ठीक. नसेल तर श्वासाबरोबर पाणीही आत जाते. निळ्या एलईडीमुळे पांढरा उजेड शक्य झाला, म्हणून २०१४ साली आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना नोबेल मिळाले. रबराच्या त्या कड्याबद्दल कोणी कोणाला साधा नारळही दिलेला नाही.

गॅसबत्तीचेही नखरे होतेच. पण मँटल फाटले, पिन तुंबली, की ती भकभक करून आधी कळवायची. हा नवा पाहुणा न सांगता उठून जातो. वायरमनने ड्रायव्हर बदलला, धक्का अडवणारा एक भाग बसवला, आणि वायर दिव्यात शिरण्याआधी तिला खाली झोल दिला, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी झोलाशीच गळून पडावे. नव्या दिव्याच्या मानाने खर्च किरकोळ.

राखणदाराचा मात्र आता खोक्यावर विश्वास नाही. आश्विनात फोकस खांबावर चढवण्याआधी तो ते अंगणात तासभर जाळतो, बटण बंद करून वायर काढतो आणि प्रत्येकावर माठातल्या गार पाण्याची बादली ओततो. सकाळी काचेआड वाफ दिसते का, ते डोळ्यांवर हात धरून पाहतो. यंदा तीन आणले होते. दोन खांबावर चढले; एक त्याने पिशवीत घालून दुकानात परत नेला आणि दुकानदाराला काचेआडचे थेंब मोजून दाखवले.